पेवातला गारवा

गहिनीनाथ : नुसती पेवावरची शिळा सरकवतो, माय. आत उतरत न्हाई आज.

सत्यभामा : पेवाला हात लावू नको म्हणलं ना? दुसरीकडं ठेव तुजी दारू.

गहिनीनाथ : दारू न्हाई, वाईन हाय. इटलीची. पुण्यात फ्लॅटमदी उकाड्यानं नासायली. तिला बारा महिने एकसारखा गारवा लागतो, अंधार लागतो. आपल्या पेवात जमिनीखाली जोंधळा कसा वर्षानुवर्षं टिकायचा?

सत्यभामा : इटलीची म्हंजी लई महाग असंल.

गहिनीनाथ : मोठ्या नावाच्या नादी लागलं तर महाग. बारोलो आपल्या ऐपतीची न्हाई. ही बार्बेरा, ही मोंतेपुल्चानो. चाखून बघायची. मऊ, गोडसर लागली की लगेच पिऊन मोकळं व्हायचं. आंबट-तुरट असली तर लोणच्यावाणी मुरू द्यायची, पाच-सहा वर्सं. ही तर तिकडच्या शेतकऱ्यांच्या सोसायटीनं काढलेली हाय.

सत्यभामा : सोसायटीचं नाव काढू नको माज्यापुढं.

गहिनीनाथ : आता ते कावून?

सत्यभामा : बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीचीच माणसं उभी होती ह्या अंगणात, पोती घेऊन. तुजे अण्णा चेअरमन. पेवातला जोंधळा वाटतो म्हणून शब्द देऊन बसलेले. पेव उघडलं की कोंडलेली हवा जायाला दिवसभर तसंच सोडत्यात, आत दिवा सोडून बघत्यात. मी म्हणलं, थांबा. म्हणले, माणसं उपाशी हायत, कसा थांबू? उतरले. "आगं, दोर टाक," एवढंच म्हणले. मग गपच झाले.

गहिनीनाथ : ठाऊक हाय, माय. म्हणून तर आठ दिवस उघडं ठेवू, दिवा सोडू, मगच उतरू.

सत्यभामा : ह्या बाटल्या खोक्यात आडव्या कावून झोपवल्या?

गहिनीनाथ : बूच ओलं राहावं म्हणून. वाळलं की हवा शिरती. हवा लागली की वाईन गेली.

सत्यभामा : तुज्या बाटलीला हवा नको. त्यांना तेवढीच पायजे होती रे.

गहिनीनाथ : खामखा जिवाला लावून घेती तू.

सत्यभामा : दुपारी सगळं गाव आडवं झालं की मी हितं, ह्या शिळेवर येऊन बसते. आजून ऐकू येतं. "आगं, दोर टाक."

गहिनीनाथ : अजून? मग तर उघडायलाच पायजे. भ्या मनात धरून किती दिवस जगशील? एकदा आत उजेड गेला की थांबंल सगळं.

सत्यभामा : थांबाया नको मला.

गहिनीनाथ : म्हंजी?

सत्यभामा : भ्या कशाचं रे? फोटू न्हाई, काय न्हाई. तेवढा आवाज हाय माज्याजवळ. तू शिळा सरकवशील, आन आत नुस्ता खड्डाच निघाला तर? मग मी कुठं जाऊन बसू?

(गहिनीनाथ खोक्याला पुन्हा सुतळी बांधतो.)

सत्यभामा : रागावला?

गहिनीनाथ : न्हाई. मी तीन वर्सांचा होतो, माय. मला त्यांचा आवाजच आठवत न्हाई.

सत्यभामा : कुठून आठवंल, बाळा.

गहिनीनाथ : जरा सरक. मला बी बसू दे.