उकळलेला नमुना

जितेंद्र : काकी, पुन्हा एकदा सांगा. बाटली विहिरीच्याच पाण्याने भरलीत ना?

हंसा : अरे बाबा, विहिरीचंच. दुसरं कुठनं आननार? काठोकाठ भर म्हनालास, काठोकाठ भरली. बूच घट्ट लावलं.

जितेंद्र : मग रिपोर्ट शून्य कसा? विहिरीवर नुसतं वाकलं तरी कारखान्याच्या थिनरचा वास नाकात जातो. आणि लॅब म्हणते, काहीच नाही.

काशिनाथ : पास झाली म्हन ना आमची विहीर. पेढे वाट.

जितेंद्र : काका, थट्टा नको. विहीर पास झाली म्हणूनच आमची संस्था पाणी शुद्ध करणारा मनोरा काढून नेतेय. टेम्पो एव्हाना सातिवलीच्या पुढे आला असेल.

काशिनाथ : नेनार? चार महिने सोळा घरं त्याच्याच टाकीचं पानी पितायत!

जितेंद्र : चाचणीपुरताच दिला होता. विहीर खराब ठरली असती तर कायमचा राहिला असता. सगळं त्या एका बाटलीवर होतं.

हंसा : मग बाटली सोडून गेलास कशाला? नमुना गार ठेवायचा, आनि साहेब बर्फच विसरले. पाचूबंदरला पळालास, होडीवाल्यांकडे. दोन तास! आलास तेव्हा बोंबलाचा वास मारत होतास.

जितेंद्र : चूक माझी, मान्य. पण त्या दोन तासांत तुम्ही काय केलंत?

हंसा : काय करनार? तेव्हा कावीळ चालली होती. रिक्षा दिवसभर भोंगा वाजवीत फिरायची, पानी उकळून गाळून घ्या, उकळून गाळून घ्या. म्हटलं, लॅबातली पोरंसुद्धा कोनाच्या तरी आईची. एखाद्याने चाखून बघितलं तर?

जितेंद्र : काकी...

हंसा : चांगलं खळखळा उकळलं. दुहेरी फडक्याने गाळलं. निवलं तशी भरली बाटली.

काशिनाथ : का रे? तोंड का उतरलं तुझं?

जितेंद्र : काका, हा मनोरा काय करतो, ते सांगितलं होतं ना? पाणी वरून पडतं, आत प्लास्टिकच्या कड्यांवर फुटतं, खालून पंखा वारा मारतो. ते थिनर उडून जाणारं. वारा लागला की ते पाण्याला सोडून जातं. तापवलं की आणखी लवकर सोडतं. काकींनी सगळं उडवलं आणि उरलेलं चोख पाणी लॅबला धाडलं.

हंसा : म्हनजे मी विहिरीला वाचवलं?

जितेंद्र : कारखान्याला.

काशिनाथ : मग लिहून दे ना, चूक झाली म्हनून. हात आहे ना लिहायला?

जितेंद्र : देतो. आजच देतो. फॉर्मवर माझी सही आहे, नमुना मी स्वतः विहिरीतून काढला म्हणून. नोकरी जाईल, जाऊ दे. पण कारखान्याचा वकील म्हणेल, गावाने नमुन्यात हात घातला. पुढचा नमुना कोण खरा धरणार तुमचा? आणि मनोरा काही थांबत नाही. दुसऱ्या गावात त्याचा पाया बांधून तयार आहे.

काशिनाथ : थांब, थांब. उकळल्यावर जातं म्हनालास ना? मग गेला मनोरा तर गेला! मनोरा यायच्या आधी दोन वर्सं आम्ही उकळूनच पीत होतो. म्हनजे ते पोटात गेलंच नाही!

हंसा : खरंच की! बघ, मी उगाच नाही उकळत.

जितेंद्र : काकी, तुमची चूल कुठे आहे?

हंसा : मागच्या खोलीत. का?

जितेंद्र : खिडकी?

हंसा : खिडकी कुठली? धूर जायला कौलात फट आहे.

जितेंद्र : मनोऱ्याचं नळकांडं घराच्या वर काढलंय ना, ते त्यासाठीच. उडालेलं कोणाच्या नाकात जाऊ नये म्हणून.

काशिनाथ : हिचं डोकं दुखतं दोन वर्सं. डॉक्टरने दोनदा चष्मा बदलला.

हंसा : माझं सोडा हो. यमुना... सून आपली. बाळंतपनाचे चाळीस दिवस तिथंच बसवली मी तिला. ऊब असते म्हनून. बाळाला मांडीवर घेऊन, चुलीच्या तोंडाशी.

जितेंद्र : तुम्हाला माहीत नव्हतं, काकी.

हंसा : दार लावून घ्यायची मी. बाळाला वारा नको म्हनून.

काशिनाथ : आता काय करायचं, ते सांग. शिकलेला आहेस ना?

जितेंद्र : चूल बाहेर मांडा.

काशिनाथ : आनि पावसात? सोळा घरांचे हंडे अंगनात छत्री धरून उकळायचे? आनि अंघोळीचं पानी? पोरांनी अंघोळ नाही करायची?

(जितेंद्र रिपोर्टचा कागद उलटून मागची बाजू बघतो.)

काशिनाथ : बोल ना. मघाशी वारा, कड्या, पंखा, सगळं बोलत होतास.

जितेंद्र : याच्यापुढचं मला येत नाही, काका.

(बाहेर टेम्पोचा हॉर्न. कोणीतरी हाका मारतं.)

काशिनाथ : आले. मी आडवा होतो टेम्पोपुढे. बघू कोन नेतो.

हंसा : उगाच तमाशा नको. हमाल पोरं आहेत ती, त्यांनी काय केलंय? जितेंद्र, उन्हातनं आलीत. आल्या आल्या पानी मागतील. कुठलं देऊ, तेवढं सांग.