शिखराच्या शंभर पावलं अलीकडे

अरे, खोटं बोलायचं तर निदान ऋतू बघून बोलावं! मागच्या जानेवारीत मी एकटाच स्कॉटलंडमधला एक बर्फाळ डोंगर चढत होतो. घरी नागपूरला सांगितलं होतं, वीकेंडला इंग्लंडात, रीडिंग गावातल्या माझ्या घरीच आहे. शिखर शंभर पावलांवर असताना दाट धुकं उतरलं, वारा घोंघावू लागला आणि तेवढ्यात आईचा फोन आला.

"एवढा कसला आवाज येतोय रे?"

"पंखा आहे, आई."

"जानेवारीत? तिकडे?"

मी कुठे आहे हे जगात कुणालाच ठाऊक नाही, हे तेव्हा जाणवलं. मग सगळं खरं सांगून टाकलं, अगदी डोंगराच्या नावापासून पायथ्याशी लावलेल्या गाडीपर्यंत.

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "खाली उतर. गाडीपाशी पोचलास की फोन कर. तोवर आम्ही जेवायला बसत नाही."

वाऱ्यात दोन मिनिटं उभा राहिलो आणि मुकाट्याने उतरायला लागलो. नागपुरात ताटं वाढायची थांबली होती.