एका डब्यासाठी बदललेलं साल

आदरणीय अध्यक्ष लोवेल ब्रँडव्होल्ड, व्यासपीठावर, म्हणजे चर्चच्या तळघरातल्या या तीन फळ्यांवर, विराजमान झालेल्या पास्टर मारिट, आजचे सत्कारमूर्ती हार्लन ऑस्टबी, आपल्या मॉडेल रेल्वे क्लबचे सर्व सभासद, आणि 'नवरा म्हातारा झाला तरी आगगाडीशीच खेळतो' म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो,

हार्लनना निरोप देताना चार शब्द बोलायचा मान मला, वर्ना टिलमनला, दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. पाच मिनिटांत आटप, असं अध्यक्षांनी बजावलंय. बघू या.

हार्लन लेकीकडे टूसॉनला कायमचे राहायला चाललेत. आयोवाची थंडी त्यांच्या गुडघ्यांना झेपेना. जाऊ दे, अहो-जाहो मला जमायचं नाही. हा माणूस कसा आहे, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? आपल्या मॉडेल रेल्वेवर कायम १९५७चा ऑक्टोबर असतो. खऱ्या डब्याचा फोटो दाखवल्याशिवाय आणि हार्लनने भिंगातून पाहिल्याशिवाय एकही डबा रुळावर चढत नाही. कुणाकुणाचे डबे परत गेलेत? हात वर करा! बघा, पास्टरबाईंचासुद्धा!

माझा नवरा डेलमार गेला, त्या वर्षीची गोष्ट. आजारपणात त्याने एकच मालडबा बनवला. वीतभरही नाही, पण गंज असा रंगवला होता की बोटाला लागेल असं वाटावं. चौऱ्याहत्तर साली रेल्वेत नोकरीला लागल्यावर त्याने पहिल्यांदा गाडीला जोडलेल्या खऱ्या डब्याची ती नक्कल. एकदा तरी तो आपल्या रुळांवर धावलेला बघायचा, एवढंच माझं मागणं होतं. दुसरं काय मागणार होते मी?

हार्लनने भिंग लावलं. डबा उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाला, "वर्ना, हा चालणार नाही."

"का? काय खोट आहे त्यात?"

"खोट नाही, हीच तर पंचाईत आहे. टपावर चालायची फळी नाही, हातब्रेकचं चाक खाली. हुबेहूब चौऱ्याहत्तर सालचा डबा आहे. सत्तावन्नात हातब्रेक लावायला ब्रेकवाले टपावरून चालायचे गं. फळ्या पुढे काढून टाकल्या."

"मग चिकटव एक फळी आणि सोड!"

"डेलमारच्या डब्याला मी फळी चिकटवू? जन्मात नाही."

अशी भडकले मी! एक वेळ दगडाला पाझर फुटेल, तुला नाही, असं तोंडावर सुनावलं आणि पाय आपटत घरी गेले.

पुढच्या शनिवारी याचा फोन. "ये." आले, तर काय बघते? सगळा क्लब बाह्या सरसावून कामाला लागलेला. वाफेची इंजिनं खोक्यात, मॉडेलमधल्या गावाच्या रस्त्यावरच्या जुन्या मोटारी उचललेल्या, थिएटरवरची पाटी बदललेली. लोवेल घामाघूम होऊन कुरकुरत होता, "एका डब्यापायी अख्ख्या गावाचं साल बदलायचं म्हणजे काय? डोकं फिरलंय याचं!"

हार्लन शांतपणे म्हणाला, "डबा बरोबर आहे. साल चुकीचं होतं."

आणि डिझेलमागून डेलमारचा डबा निघाला. मी ढसाढसा रडले, त्यात लाज कसली? तेव्हापासून वर्षातला तो एक शनिवार आपल्याकडे चौऱ्याहत्तर साल असतं. त्या दिवशी मला कळलं की याचा काटेकोरपणा हीच याची माया आहे.

जाता जाता त्याने तपासणीचं काम माझ्या गळ्यात घातलं. गेल्या आठवड्यात क्लबला भेट म्हणून स्वतः बनवलेला सत्तावन्नचा डबा माझ्यापुढे ठेवला. मी नीट पाहिला. टपावर फळी आहे, पण शिडी अर्ध्यावरच संपलेली! म्हटलं, "हार्लन, तुझा ब्रेकवाला वर जाणार कसा? उडत?" गडी कानापर्यंत लाल झाला. चूक होती की मुद्दाम केलं होतं, देव जाणे. मी डबा परत दिला.

पाच मिनिटं केव्हाच झाली, लोवेल घड्याळ दाखवतोय. तुम्ही एवढं मन लावून ऐकलंत, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी हॅम सँडविच आणि ॲपल-पाय अजून झाकून ठेवले, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. माझ्या चुका तेवढ्या माफ करा, डब्याच्या चुकीला मात्र माफी नाही. हार्लन, शिडी पुरी कर आणि डबा स्वतः घेऊन ये. पोस्टाने आलेला डबा मी तपासत नाही.