मामीचा पालक, कुंदनचा प्लॉट

तिवशाच्या एसटीत दहावीतल्या रुबीनाच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, पण कान पुढच्या सीटवर होते. तिथं भाजी विकून रिकामी टोपली घेऊन निघालेली एक मामी होती आणि शेजारी तिचा भाचा कुंदन, प्लॉटचा इसार द्यायला निघालेला.

"प्लॉट कवा पाह्यला तू?"

"परवा, मामी. प्लॉटवाल्या साहेबानं एसी गाडीतून नेलं, जेवण देल्लं."

"म्हंजे जेवण पाह्यलं."

"गेट हाय. नारळाची झाडं हायेत."

"अन् कागदं?"

"एनए, म्हंजे बिनशेती, होऊन राहिलं."

"होऊन राहिलं म्हंजे झालं नाही. त्याच वावरात मी धा वर्सं पालक पेरला, तोबी हिवाळ्यातच. श्रावणात तिथं कमरेइतकं पाणी रायते."

"साहेब तं म्हणे, जागा उंचावर हाय."

"उन्हाळ्यात सारीच जागा उंचावर असते. श्रावणात चप्पल हातात घेऊन उभा राह्य तिथं, मंग दे इसार."

कुंदननं फोन लावला. "साहेब, श्रावणात पाहून इसार देतो."

पलीकडचं ऐकून त्यानं फोन खिशात घातला.

"काय म्हणे?"

"म्हणे, श्रावणात प्लॉट दाखवत नाही."

मामीनं टोपली त्याच्या मांडीवर ठेवली.

"धर. आता तुले कामच काय हाय तिवशाले."