नानांची पिवळी पट्टी

देवपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी ऋतिका जळगावच्या एका दवाखान्यात, आयसीयूबाहेर बसली होती. शेजारच्या बाकावर रावेरकडच्या मायलेकी होत्या.

"आई, अमोनिया सुटला तेव्हा नानांजवळ माझी पट्टी होती ना?"

"होती ना माय. कोल्ड स्टोरेजच्या मशीनरूममध्ये, त्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेली. पण पिवळीच्या पिवळी राहिली. कोरोनापासून त्यांना कसलाच वास येत नाही. छातीत भरलं तेव्हाच कळलं, अन् तिथेच पडले."

"म्हणून तर बनवून दिली होती. ती लाल व्हायला हवी होती, आई. त्या पावडरीला बारीक बारीक छिद्रं असतात. वाफ आत शिरली की रंग बदलतो."

"आम्ही तर जिवापाड जपली. त्यांचे ग्रीसचे हात लागतील म्हणून मी स्टँडजवळून लॅमिनेशन करून आणली. दोन्ही बाजूंनी, एकदम पक्कं."

मुलीने गळ्यातल्या ओळखपत्राच्या प्लास्टिकवरून बोट फिरवलं. ऋतिकाने मान वर केली नाही.

"गप्प का झालीस वं मयुरी? माझं काही चुकलं का?"

"नाही. पावडर माझीच कच्ची राहिली."

"खरं सांगतेस?"

"हो, आई."

"मग नानांना हे सांगू नको. माझ्या पोरीची पट्टी म्हणून गावभर मिरवतात ते. शुद्धीवर आले की मीच सांगीन, पट्टी लाल झाली होती, तुमचंच लक्ष नव्हतं. भांडतील माझ्याशी. भांडू देत एकदाचे."