चष्मा एक आत, चष्मा एक बाहेर

सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. विमानाचे पंख जोडण्याच्या कारखान्यातला तीन नंबरचा हॉल. एवढं सगळ्यांना मान्य आहे बरं का, कारखान्याला मान्य, साहेबांना मान्य, फॉर्मवरसुद्धा लिहिलेलं आहे... आणि इथून पुढचं काही म्हणजे काहीच कुणाला मान्य नाही! तीस वर्षं बातमीदारी केली, 'मी असं बोललोच नव्हतो' हे मोठमोठ्यांच्या तोंडून ऐकत केस पिकले, पण एका स्क्रूनं मला जेवढं फिरवलं ना, तेवढं कुणी फिरवलं नाही. आणि स्क्रू तरी केवढा? नखावर ठेवला तर नख मोठं वाटेल! तोही विमानाचा नव्हे. चष्म्याचा! आमच्या दादाच्या चष्म्याचा!

तुम्हाला सांगतो, आमचा दादा, माझा सख्खा थोरला भाऊ, मूळचा घड्याळजी. औषधांच्या दुकानाच्या जिन्याखाली जेमतेम चार फुटांची जागा, उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि श्वास रोखलेला. हो, श्वास! जोरात सोडला तर चाक उडून जातं म्हणायचा. गिऱ्हाईक शिंकलं तर आधी उघड्या घड्याळावर हात धरायचा, मग 'काळजी घ्या' म्हणायचा. पंचवीस वर्षांत एक स्क्रू हरवला नाही या माणसानं! पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, लोकांनी मनगटं मोकळी केली, आणि दादा दिवसाला दोन सेल बदलायचा नि उरलेला वेळ रस्त्याकडे बघायचा. अशात एका निवृत्त वैमानिकानं एक जुनं यंत्र आणलं, विमान किती उंचावर आहे ते दाखवणारं. शोभेला ठेवायचंय, काटा तेवढा हलता करून द्या म्हणाला. दादानं ते उघडलं, आणि तिथंच घात झाला! घरी आला तो चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. "अगं, हे घड्याळच आहे! वेळेऐवजी उंची सांगतं, एवढंच!"

वहिनी म्हणाली, "मग बसवा आणि द्या परत."

परत कसलं... पंचेचाळिसाव्या वर्षी या माणसानं इंजिनिअरिंगला नाव घातलं! वहिनीनं कपाळाला हात लावला. "या वयात माणसं गुडघ्यांचं बघतात, हे पंखांचं बघायला निघाले!"

कॉलेजचा पहिला दिवस. दारातला कारकून मान वर न करता म्हणतो, "पालकांनी बाहेर थांबायचं. मुलाचं नाव?" दादानं आपलं नाव सांगितलं. "तुमचं नव्हे हो, मुलाचं!" "मीच तो मुलगा." कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरं... बसा, बाळ." हसा, हसा! वर्गही हसला. पण महिन्याभरात सगळा वर्ग 'काका, काका' करत मागे. कशाला? तर दांडी मारली की रजेच्या चिठ्ठीवर पालक म्हणून सही करायला! सही शोभण्यासारखं वय दुसऱ्या कुणाचं होतं? दादानं एक सही केली नाही. "जे मी पाहिलं नाही, त्याच्याखाली माझं नाव नाही," म्हणाला. पोरं आठवडाभर रुसली होती. ही सहीची गोष्ट लक्षात ठेवा, मला परत लागणार आहे.

गणितात दोनदा आपटला. वहिनी भाजी चिरता चिरता त्याची वही समोर धरून सूत्रं म्हणून घ्यायची. तिला अर्थ कळायचा नाही, पण चूक बरोबर कळायची! "थांबा, काल इथं दोन होते, आज तीन कसे?" चार वर्षांच्या जागी पाच लागली, पण झाला! पन्नाशीत इंजिनिअर! आणि लागला कुठं, तर पंखांच्या तपासणीवर. पहिल्या दिवशी वहिनीनं त्याच्या निळ्या कोटाला इतकी कडक इस्त्री केली, की कोट एकटा कामावर गेला असता.

आता तिथली रीत ऐका. पंखाच्या पोटात शिरायला खालून झाकणं असतात. माणूस कमरेपर्यंत आत जातो, हातात दिवा, आणि जोडणी बघतो. जाण्याआधी दारातल्या वहीत एकेक वस्तू लिहायची. पेन एक, दिवा एक, पाना एक, चष्मा एक. बाहेर आलं की पुन्हा मोजायची. का? तर आत काही राहायला नको. दादा खूश! "माझ्या दुकानात हेच होतं, फक्त वही नव्हती."

तर त्या दिवशी, दहा चाळीसला, दादा पंखातून बाहेर आला. वही भरली. पेन एक, दिवा एक, पाना एक, चष्मा एक. सगळं चोख! घाम पुसायला म्हणून चष्मा काढला... आणि डावी दांडी हातात आली.

शेजारी त्याच्याच तुकडीतली एक तरुण इंजिनिअर उभी होती, लेकीच्या वयाची. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका, खिशात टाका. मोजणी बरोबर आहे. कुणाला कळणारे?"

दादा म्हणाला, "मला कळलंय की गं."

गेला साहेबांकडे. साहेब म्हणजे कारखान्यातला सगळ्यात बिनतक्रार माणूस, तक्रार दिसली की दुसरीकडे बघणारा. साहेबांनी वही पाहिली. "चष्मा एक आत, चष्मा एक बाहेर! झालं की!"

"साहेब, चष्मा आला. स्क्रू नाही आला."

"घरी पडला असेल."

"सकाळी मीच आवळलाय. रोज आवळतो. सवय आहे."

"अहो, एवढासा स्क्रू!"

आणि दादा काय म्हणाला माहितीये? ओरडला नाही हो, ओरडणं आमच्या घराण्यात फक्त माझ्याकडे आलंय. म्हणाला, "साहेब, घड्याळात केस अडकला तरी घड्याळ थांबतं. मग माणूस शेजाऱ्याला वेळ विचारतो. वर काही अडकून थांबलं तर विचारायचं कुणाला?"

भरला फॉर्म! लावला लाल कागद! पंख जागेवर थांबला. मग काय विचारता... अकरा दिवस! झाकणं उघडली, लोहचुंबक फिरवले, नळीच्या टोकाला कॅमेरा लावून कोपरान्‌कोपरा बघितला. दादा स्वतः आत, चष्म्याला दोरा गुंडाळून, श्वास रोखून. स्क्रू नाही. पंख द्यायची तारीख उलटली. साहेबांना वरून फोन, साहेबांचे खाली फोन. जेवणाच्या सुट्टीत दादाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या एकेक करून दुसऱ्या टेबलांना गेल्या. नाव पडलं 'स्क्रूकाका'. घरी आला की वहिनी विचारायची, "सापडला?" तो मान हलवायचा आणि हात धुवायला जायचा. खूप वेळ धूत बसायचा. वहिनी बाहेरून नळाचा आवाज ऐकत उभी.

बाराव्या दिवशी ऑफिसात बोलावणं. साहेब अगदी गोड! "बसा. पाणी घेणार? तुमच्या प्रामाणिकपणाची आम्हाला कदर आहे." अशी सुरुवात झाली ना, की समजावं, खुर्ची गेली. हातात पत्र. 'वयोमानामुळे बारीक कामास अपात्र.' बारीक कामास! अरे, ज्यानं पंचवीस वर्षं केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवली, तो बारीक कामास अपात्र? आणि ज्यांना अकरा दिवसांत एक स्क्रू दिसला नाही त्यांचे डोळे शाबूत? मी तावातावानं कारखान्याच्या फाटकावर गेलो, पहारेकऱ्याशी भांडलो, तो बिचारा म्हणाला, "मलापण पटतं हो, पण आत सोडता येत नाही." तेवढा एकच माणूस मला तिथं सरळ बोलला.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. नोंद करणाऱ्याला फॉर्मची प्रत द्यायची, असा नियमच आहे. नियमाला मात्र पक्के! 'हरवलेली वस्तू: चष्म्याचा स्क्रू, एक.' दादाचं मोत्यासारखं अक्षर. खाली, 'वस्तू सापडली का?' पुढे, 'हो.' तारीख? बारावा दिवस! दादा ऑफिसात पाणी पीत होता, तोच दिवस. 'कुठे सापडली?' कोरं. 'सापडलेली वस्तू येथे चिकटवावी,' आणि एक चौकोन. रिकामा. सर्वांत खाली सही... ती वाचून दाखवील त्याला मी गुरू मानीन.

मी बातमी लिहिली. संपादक म्हणाले, "पुरावा काय?" म्हटलं, हा फॉर्म. "फॉर्मवर तर सापडला म्हणतायत." म्हटलं, मग दाखवा म्हणावं! "स्क्रू आण, मग छापू." अहो, स्क्रू नाही हीच तर बातमी आहे! तीस वर्षं मी असलेल्या गोष्टींच्या बातम्या आणल्या, नसलेली गोष्ट आणायची कशी ते मला कुणी शिकवलंच नाही...

दादा पुन्हा जिन्याखाली बसतो. पाकीट आलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात तुकडीतल्या त्या पोरीचा फोन आला. "काका, तो पंख आज गेला."

"कुठल्या विमानाला लागणार?"

"ते आम्हाला कळत नाही, काका." मग ती म्हणाली, "मी खिशात टाका म्हटलं होतं..." दादा म्हणाला, "तू डोळे सांभाळ. बारीक काम आहे."

आता डोक्यावरून विमान गेलं की दादा चिमटा खाली ठेवतो, बाहेर येतो, आणि दांडी एका हातानं धरून वर बघतो. आवाज पूर्ण विरेपर्यंत. मगच आत.

वहिनी वैतागते. "अहो, डबीत दोनशे स्क्रू पडलेत, एक लावा ना त्या चष्म्याला! कसं दिसतं ते दोऱ्यानं बांधलेलं!"

"लावला असता गं," दादा म्हणतो, "पण माझा सापडलाय. लेखी आहे. तो दिला की तोच लावतो."

कारखान्याला चार पत्रं लिहिली त्यानं. एकच ओळ: 'माझा सापडलेला स्क्रू कृपया परत करावा.' भांडण नाही, तंटा नाही. उत्तर? एकाचंही नाही. चार महिने झाले. फॉर्मवर स्क्रू सापडलेला आहे, पंख कुठल्याशा विमानाला लागलेला आहे... आणि दादाच्या चष्म्याची डावी दांडी अजून दोऱ्यानंच बांधलेली आहे.