पुरावा मागा

हरवलेल्या फोनची तक्रार द्यायला मी पोलीस ठाण्यात बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिची अकरावीतली मुलगी.

"राखी, साहेबांना सांग, कशिशनेच तुला फोन केला होता."

"नव्हता केला. ती हरवल्यापासून आठ दिवस तिचा फोन बंद होता, त्यांनाही माहितीये."

"मग ती देवळा गावात आहे हे तुला कसं कळलं?"

"सांगितलं ना. तिच्या अम्मीने तिची ओढणी हातात दिली. कांद्याचा वास आला, निळं गेट दिसलं, आणि ती जिन्यात बसलेली."

"हे आत बोलू नकोस. तूच तिला पळवलंस म्हणतील."

"पण सापडली ना? निळ्या गेटातच?"

"योगायोग. तुझ्या पणजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव गोदावरीत सोडले. अंगात येणं, कौल लावणं, सगळं बंद. मी वर्गात पोरांना सांगते, पुरावा मागा. आणि माझीच मुलगी असलं बोलते?"

"मला देव नाही दिसला, आई. गेट दिसलं."

"गप्प बस."

"बसले."

मग आईच्या पर्सची चेन वाजली.

"राखी, हात पुढे कर."

"हे कोणाचं घड्याळ?"

"मामाचं. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनला ड्यूटीवर जातो म्हणाला, परत आलाच नाही. नऊ वर्षं झाली."

"तू हे रोज पर्समध्ये ठेवतेस?"

"घट्ट धर. साहेब हाक मारायच्या आत सांग."